पालकांना बोलतं करणारे २५ प्रश्न

मुलांच्या मानसिक आरोग्य सेवेत पालकांचा सहभाग म्हणजे बहुतेक वेळा एक सही आणि शेवटची पाच मिनिटं. एसडीक्यू (स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर) ही मुलांच्या भावना आणि वागणुकीबद्दलची प्रश्नावली ते चित्र बदलू शकते, नीट वापरली तर. ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७मध्ये ती मांडली. विधानं २५, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, काळ गेल्या सहा महिन्यांचा. पालक भरतात, शिक्षक भरतात आणि ११ वर्षांपुढची मुलं स्वतःही.

गुण मोजताना हमखास चूक होते ती ७, ११, १४, २१ आणि २५ या विधानांत. ती उलटी मोजायची असतात. 'किमान एक चांगला मित्र आहे' याला 'अगदी खरं' म्हटलं तर गुण शून्य. इतरांशी आपुलकीनं वागण्याची पाच विधानं एकूण गुणांत धरायची नाहीत; एकूण ४० गुण बाकीच्या २० विधानांचेच.

आई आणि वडिलांना फॉर्म वेगवेगळे द्या. दोघांच्या गुणांची सरासरी काढू नका, कारण खरा ऐवज फरकातच असतो. आईला चिंता दिसते, वडिलांना हट्ट. बोलणं तिथूनच सुरू करावं. मूल शेजारी बसलेलं असताना मात्र फॉर्म भरायला लावू नये. आपल्याबद्दल 'खोटं बोलतो'समोर खूण होताना पाहणं त्याला फार लागतं.

हे निदान नव्हे, चाळणी आहे. फॉर्म फाइलला लावून पुढच्या भेटीत त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, तर पालक दुसऱ्यांदा मनापासून भरत नाहीत.