भावाला दुबईहून घरी आणताना आम्ही कसे फसलो

२०२५ च्या फेब्रुवारीत माझा धाकटा भाऊ दुबईत वारला. वय एकोणचाळीस. एसीच्या डक्टिंगचं काम करायचा. अल कूजच्या कामगार कॅम्पात रात्री जेवून झोपला, तो उठलाच नाही. त्याला घरी आणायचं म्हणून आम्ही एका माणसाला १,३८,००० रुपये पाठवले. त्याने काहीही केलं नाही. आणि नंतर कळलं की यातला एक रुपयासुद्धा आम्ही द्यायचा नव्हता.

तापीकाठी चोपडा तालुक्यातल्या एका गावात आमचं घर आहे, आणि मी तिथेच अंगणवाडी सेविका आहे. आमच्या भागातली बरीच पोरं आता आखातात आहेत. ज्यांच्या घरचा माणूस तिकडे आहे त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. घडलं तसं सगळं सांगते, माझ्या चुकाही सांगते.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला भावजयीच्या फोनवर त्याच्या खोलीतल्या बिहारच्या मुलाचा फोन आला. तिकडे तेव्हा पाच वाजले होते. तासाभरात घर माणसांनी भरलं. भावजय भिंतीला टेकून बसली ती बोलेचना. आई मात्र सारखी उठून ओट्यावर जायची. कोणाचाही फोन वाजला की विचारायची, "ऊना का वं मना आंडोर?" म्हणजे, आला का गं माझा मुलगा?

या गोंधळात घरातल्या एका पोराने, अगदी चांगल्या मनाने, भावाच्या पासपोर्टचे, व्हिसाचे आणि तिकडच्या ओळखपत्राचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या तीन ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "दुबईत कोणी ओळखीचं असेल तर मदत करा," आणि भावजयीचा नंबर दिला. दुपारपर्यंत ते फोटो कुठे कुठे फिरले कोण जाणे.

दोनच्या सुमारास फोन वाजला. नंबर ९७१ ने सुरू होणारा, म्हणजे तिकडचाच. भावजयीने फोन माझ्या हातात दिला. माणूस मराठीत बोलत होता. "ताई, रडू नका. मी धुळ्याकडचाच आहे. इथे वकिलातीच्या पॅनलवर काम करतो. तुमच्या भावाची केस माझ्याकडे आली आहे." आणि त्याने भावाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर घडाघडा सांगितला. सरकारी माणूस असल्याशिवाय हे याला कसं माहीत, असं माझ्या मनात आलं. ते सगळं आम्हीच टाकलेल्या फोटोत होतं, हे डोक्यात आलंच नाही.

तो म्हणाला, आज शुक्रवार आहे, ऑफिसं लवकर बंद होतात, पुढे शनिवार-रविवार सुट्टी. आज पैसे भरले नाहीत तर बॉडी बेवारस दाखवतील आणि तिकडेच पुरून टाकतील. त्याच दमात हेही म्हणाला, "कंपनीवाल्यांचे फोन येतील, ते उचलू नका. ते तुमच्या वहिनीची सही घेतील आणि भावाचा सगळा पैसा गिळतील. जे काही बोलायचं ते माझ्याशीच बोला." हे शेवटचं वाक्य सगळ्यात विषारी होतं. पुढचे चार दिवस भावजयीच्या फोनवर दुबईचे दोन नंबर पुन्हा पुन्हा वाजत होते आणि आम्ही ते ब्लॉक करून ठेवले होते. ते फोन भावाच्या कंपनीचे होते.

त्याच दिवशी ३८,५०० पाठवले, पोलिसांच्या दाखल्याचे आणि शवागाराचे म्हणून. बचत गटाचे पैसे माझ्याकडे होते, बायकांना विचारून त्यातून दिले. शनिवारी २७,००० लेपाचे, म्हणजे मृतदेह टिकावा म्हणून औषध भरतात त्याचे. रविवारी ५४,००० पेटी आणि विमानाचे. त्यासाठी भावजयीने गळ्यातली पोत काढून दिली. सोमवारी सकाळी १८,५०० मुंबईच्या कस्टम ड्युटीचे. प्रत्येक वेळी खातं वेगळं, नाव वेगळं, आणि खातं भारतातलंच. मी एकदा विचारलं, खर्च तिकडे दिरहममध्ये, मग पैसे इकडच्या खात्यावर का? तो म्हणाला, "तुम्हाला दिरहम कुठे मिळणार ताई, तुमची सोय बघतोय." मला ते पटलं.

शनिवारी त्याने एक मजकूरही पाठवला होता, हे स्टॅम्पवर लिहून नोटरी करून फोटो पाठवा, असल पेपर कुरिअर करा म्हणून. चोपड्याला जाऊन पाचशेचा स्टॅम्प घेतला. टाइप करणारा मुलगा थांबून म्हणाला, "ताई, अधिकार कोणाला देताय ती जागा कोरी आहे. आणि यात 'मयताची सर्व येणी व ग्रॅच्युइटी स्वीकारणे' असं लिहिलंय. बॉडी आणायला हे कशाला?" मी त्याच्यावर चिडले. आमच्यावर काय वेळ आलीय आणि हा कायदा शिकवतोय, असं वाटलं. त्या मुलाची मी नंतर जाऊन माफी मागितली. नोटरी वेळेवर भेटला नाही म्हणून तो पेपर तसाच राहिला. तो कुरिअर झाला असता तर पुढे काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

रविवारी रात्री त्याने विमानाच्या मालाची पावती पाठवली, एअरवे बिल म्हणतात ती. बॉडी सोमवारी रात्री मुंबईत उतरणार होती. आम्ही गोसावी. आमच्यात अग्नी देत नाहीत, समाधी देतात. म्हणून सोमवारी गावातल्या माणसांनी समाधीचा खड्डा खोदला, मिठाची गोणी आणून ठेवली, बेलाची पानं काढली. मी आणि मामेभाऊ बावीस हजारात अ‍ॅम्ब्युलन्स ठरवून निघालो. अमळनेर, धुळे, नाशिक, कसारा घाट करत रात्री मुंबई विमानतळाच्या सहार कार्गोला, म्हणजे विमानाचा माल उतरतो तिथे, पोचलो.

तिथे रात्रभर बसलो. खिडकीवरचा माणूस म्हणे, असं काही आलेलंच नाही. दुबईच्या त्या माणसाचा फोन आधी व्यस्त, मग बंद. पहाटे क्लिअरिंगचं, म्हणजे विमानाचा माल सोडवून द्यायचं काम करणारे एक काका चहा प्यायला बाहेर आले होते. त्यांनी मोबाइलवरची पावती बघितली आणि हळूच म्हणाले, "ताई, हा नंबरच खरा नाही." एअरवे बिलाचा नंबर अकरा आकडी असतो. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे, पुढचे आठ पावतीचे. आमच्या पावतीवर नऊच आकडे होते. खरा नंबर असेल तर विमान कंपनीच्या साइटवर टाकून माल कुठपर्यंत आलाय ते कोणालाही बघता येतं. ड्युटीचं विचारल्यावर काकांनी मान हलवली. "मयतावर कसली ड्युटी?"

रिकामी अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन परत येताना मामेभाऊ आणि मी एक शब्दही बोललो नाही. गावात खड्डा तसाच उघडा होता. खोदलेली समाधी रिकामी ठेवू नये म्हणून म्हाताऱ्यांनी त्यावर पत्रे टाकले आणि रात्री कंदील लावून आळीपाळीने तिथे बसले. खरा मृतदेह येईपर्यंत ते असेच बसले.

मंगळवारी मी त्या बिहारच्या मुलाला फोन लावला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तो रडतच म्हणाला, दीदी, मंदूब चार दिवसांपासून तुम्हाला फोन करतोय. मंदूब म्हणजे कंपनीतला सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस. ब्लॉक केलेला नंबर उघडला आणि मीच फोन केला. भाऊ पोलिसांच्या शवागारात होता. तपासात नैसर्गिक मृत्यू निघाला होता. कंपनी फक्त भावजयीच्या संमतीपत्राची वाट बघत होती, मृतदेह गावी पाठवायचा की तिकडेच अंत्यविधी करायचा एवढं लिहून द्यायचं. मी विचारलं, पैसे किती? तो म्हणाला, पैसे कसले, कंपनी भरणार. तिकडच्या कामगार कायद्यानुसार घरच्यांनी मागणी केली तर कामगाराचा मृतदेह त्याच्या देशात पाठवायचा खर्च मालकानेच करायचा असतो.

तेव्हा मी ओट्यावरच खाली बसले. भावजयीची पोत, गटातल्या बायकांचे पैसे, सगळं डोळ्यांसमोर आलं.

खरं काम कसं चालतं ते मी तेव्हा पाहिलं. पोलिसांचं पत्र मिळालं की मृत्यूचा दाखला निघतो. मग भारताच्या वाणिज्य दूतावासात मृत्यूची नोंद होते, पासपोर्ट रद्द करतात आणि ना-हरकत दाखला देतात. त्याची काही फी नाही. मग व्हिसा रद्द, मग मुहैसनाला लेपाचं केंद्र आहे तिथे लेप आणि त्याचा दाखला, मग पेटी आणि विमानाचं बुकिंग. इकडे मुंबईत विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती ऑगस्ट २०२३ पासून ई-केअर नावाच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन मिळते. त्यासाठी चार कागद लागतात: मृत्यूचा दाखला, लेपाचा दाखला, दूतावासाचा ना-हरकत दाखला आणि रद्द केलेला पासपोर्ट. हे चार कागद कोणाकडे आहेत एवढं जरी मी त्या माणसाला विचारलं असतं, तरी तो तिथेच अडकला असता.

कंपनीच नसेल, किंवा मालकाने हात वर केले तरी असल्या माणसाकडे जायचं कारण नाही. दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, २००९ पासून. ऐपत नसलेल्या कुटुंबाचा मृतदेह आणायचा खर्च त्यातून होऊ शकतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. दुबईत आपल्या लोकांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथला फुकट नंबर ८०० ४६३४२. तो तिकडूनच लागतो, म्हणून खोलीतल्या मुलाला लावायला सांगायचा. दूतावासाने लोकांना अशा दलालांपासून सावध राहायला सांगितलेलंही आहे. ते आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

भाऊ अकराव्या दिवशी आला. लाकडी पेटी, आत जस्ताचा पत्रा लावून बंद केलेली. वर चिकटवलेल्या कागदावर त्याचं नाव आणि मोठ्या अक्षरात एच यू एम. विमानाच्या मालात मृतदेहाला ही खूण असते, हे मला त्याच काकांनी सांगितलं. या वेळी ते आमच्याबरोबर आतपर्यंत आले आणि चहाचे पैसेसुद्धा त्यांनी देऊ दिले नाहीत.

आमच्यात समाधी बसवून देतात. लेप दिलेलं शरीर ताठ होतं, बसवता येईना. म्हाताऱ्यांनी आपसात विचार केला आणि आडवीच समाधी द्यायची असं ठरलं. खड्डा पुन्हा लांबीला वाढवावा लागला. भस्म लावलं, बेल वाहिला, मीठ घातलं. आईने पेटीच्या लाकडावर हात फिरवला आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली.

पैशांचं सांगायचं तर, १९३० वर मी मंगळवारी दुपारी तक्रार केली. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. पहिला हप्ता जाऊन चार दिवस झाले होते, ती रक्कम खात्यातून खात्यात फिरून निघून गेली होती. शेवटचे १८,५०० तेवढे एका खात्यात गोठवता आले. तेही कोर्टाचा आदेश झाल्यावर मिळतील, असं तेव्हा सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळीच फोन केला असता तर कदाचित जास्त वाचले असते. पहिल्या तासात, पहिल्या दिवशी तक्रार झाली तरच रक्कम अडवायला वाव असतो, असं तिथे सांगितलं. मला ती तक्रार करायची लाज वाटत होती. लोक काय म्हणतील, शिकलेली बाई फसली, असं मनात येत होतं. त्या लाजेपायी मंगळवारची सकाळही वाया गेली.

महिन्याभराने जवळच्याच गावातला एक जण घरी आला. म्हणाला, सरकारी विम्याचे दहा लाख मिळवून देतो, फाइलचे पंधरा हजार द्या. भावाचं शिक्षण दहावीच्या आतलं, आणि अशा कामगाराला आखातात जाताना सरकारी विमा काढावाच लागतो, त्यामुळे त्याचा प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढलेला होता हे खरं. पण त्यातले दहा लाख अपघाती मृत्यूला किंवा अपघाताने आलेल्या कायमच्या अपंगत्वाला मिळतात. भावाच्या दाखल्यावर नैसर्गिक मृत्यू लिहिलेला होता. मी त्याला दाराबाहेरच उभं ठेवून हे सांगितलं. तो परत आला नाही.

भावाची ग्रॅच्युइटी कंपनीने पाठवली. मूळ पगार १,२०० दिरहम, चार वर्षं पूर्ण, वर्षाला २१ दिवसांच्या पगाराप्रमाणे ३,३६० दिरहम. राहिलेला पगारही आला. त्यातून गटाचे पैसे आधी फेडले. पोत अजून सोडवायची आहे.

मागच्या महिन्यात तालुक्यातल्याच एका गावात असंच झालं, मुलगा शारजात वारला. मला निरोप आला तशी मी गेले. दारात पाय ठेवताच विचारलं, पासपोर्टचा फोटो कुठे टाकलाय का? टाकला होता. तो सगळ्या ग्रुपवरून काढायला लावला. दोन अनोळखी फोन येऊन गेले होते, एक जण पैसेही मागून गेला होता. मुलाच्या खोलीतल्या दोस्ताकडून कंपनीच्या माणसाचा नंबर घेतला, फोन स्पीकरवर ठेवला आणि त्याच्या बापाच्या हातात दिला.