जुन्या सिव्हिकला कॉमा लावावं, की होंडाचं आहे तेच पुरे?

आमची २०१९ ची सिव्हिक, न्यू जर्सीत एडिसनहून रोज २८७ हायवेने ऑफिसला जाणं-येणं, आणि गेलं वर्षभर काचेला कॉमा कंपनीचं डिव्हाइस लावलेलं आहे, म्हणजे रस्ता बघून गाडीचं स्टीअरिंग सांभाळणारं एक यंत्र. इथले मित्र गाडीत बसले की पहिला प्रश्न हाच, अरे लेन कीपिंग, म्हणजे गाडी लेनमध्ये धरून ठेवणारी सोय, गाडीतच आहे ना, मग वर हजारेक डॉलर कशाला?

माझ्या मते सगळा निर्णय स्पीडवर आहे. होंडाचं लेन कीपिंग ताशी ४५ मैलांच्या वर गेल्याशिवाय चालूच होत नाही. म्हणजे संध्याकाळी हायवे तुंबलेला, गाड्या इंच इंच सरकतायत, माणूस दिवसभराचा थकलेला, आणि नेमकं तेव्हाच स्टीअरिंगला काही मदत नाही. कॉमावर चालणारं ओपनपायलट हे सॉफ्टवेअर त्याच गाडीत, स्टीअरिंगच्या त्याच मोटरवर, अगदी रांगत्या स्पीडलाही लेनच्या मधोमध धरून ठेवतं. घरी पोचल्यावर खांदे दुखत नाहीत हो, मला तरी हे पैसे त्यासाठीच वसूल वाटतात. पण तुमचा रस्ता मोकळा असेल, ६५ ने सुसाट जाणारा, तर होंडाचं पुरतं, उगाच खर्च करू नका.

ब्रेक आणि पुढच्या गाडीचं अंतर मात्र दोन्हीकडे सारखंच, कारण या मॉडेलला ओपनपायलट तो भाग होंडाच्याच क्रूझवर, म्हणजे पुढच्या गाडीप्रमाणे स्पीड ठेवणाऱ्या सोयीवर, सोडतं. लाल सिग्नलला थांबेल वगैरे अपेक्षा ठेवू नका. २०२० च्या कोरोलात ते गॅस-ब्रेकही सांभाळतं, म्हणून मित्राचा अनुभव ऐकून आपल्या गाडीसाठी घेऊ नका, मॉडेल आणि वर्ष कॉमाच्या यादीत बघा आणि मगच पैसे भरा. आणि वळणाचा रॅम्प आला की मोटरची ताकद संपते, तिथे ते ओरडून स्टीअरिंग धरायला सांगतं, धरायचंच.

लक्ष ठेवण्याची पद्धत वेगळी आहे. होंडाला हात स्टीअरिंगवर लागतात, नजर कुठे आहे ते तिला कळत नाही. कॉमाचा आतला कॅमेरा तोंडाकडे बघत असतो, फोनकडे मान वळली की काही सेकंदांत टणटण सुरू. मला हे जास्त सुरक्षित वाटतं, बायकोला मात्र कॅमेरा सतत आपल्याकडे बघतोय हे सुरुवातीला अजिबात आवडलं नाही. तिचं म्हणणं बरोबरच होतं, म्हणून सेटिंग बघितलं: रस्त्याचं रेकॉर्डिंग कंपनीकडे जातं, आतल्या कॅमेऱ्याचं आपण चालू केलं तरच जातं.

बसवायला वायर कापावी लागत नाही, आरशामागच्या कॅमेऱ्याच्या प्लगमध्येच जोडतात, त्यामुळे गाडी विकताना काढून घेता येतं. पुण्याहून भाऊ विचारत होता आपल्या गाडीला बसेल का, तर ज्या गाडीत कंपनीचं लेन कीपिंगच नाही तिथे हे चालतच नाही, कारण स्टीअरिंग वळवायला ते गाडीचीच मोटर वापरतं.

तसंही गाडी बदलायचीच असेल तर थांबा. २०२२ पासूनच्या सिव्हिकमध्ये होंडाने ट्रॅफिक जॅम असिस्ट दिलंय, ते ४५ च्या खालीही लेन धरतं. आम्हाला अजून चार-पाच वर्षं हीच चालवायचीय, म्हणून कॉमा. बायको गाडी घेऊन जाते तेव्हा ते बंद ठेवते, आणि मग होंडाचं जुनं लेन कीपिंग पहिल्यासारखं चालतं.