अचूकतेसाठी काय: हाताने भरलेलं काडतूस की निवडलेला लॉट?

.३०० विनचेस्टर मॅग्नमसारख्या (१९६३) शिकारी रायफलीत हाताने काडतूस भरण्याचा, म्हणजे झाडलेल्या काडतुसात पुन्हा दारू आणि गोळी बसवण्याचा, फायदा खरा आहे. या काडतुसाच्या बुडाशी पट्टा असतो आणि कारखान्याचं नवं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या कप्प्यात) त्या पट्ट्यावरच टेकतं. हाताने भरणारा मात्र झाडलेली केस (काडतुसाचं पितळी कवच) तिच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, टेकेल इतपतच दाबतो. गोळी नळीशी सरळ राहते, केसही जास्त टिकते.

पण गोव्यात मी हा मार्ग सुचवणार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. पणजी-म्हापशाच्या नेमबाजाने लॉटच (कारखान्यात एकत्र बनलेल्या काडतुसांची एक खेप) निवडावा. ५० मीटरच्या .२२ काडतुसात पेटता मसाला बुडाच्या कडेत असतो, त्यामुळे ते पुन्हा भरणं व्यवहार्यच नाही. रायफल शिकंज्यात बसवून वेगवेगळे लॉट झाडायचे. ज्याचा गट (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) लहान, तो भरपूर घ्यायचा.

१० मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर! तिथे ४.४९ की ४.५० मिलिमीटरचा छर्रा तुमच्या नळीला मानवतो, हे झाडूनच कळतं. आणि आपल्या पावसाळ्यात डबा हवाबंद ठेवा; दमटपणाने शिसं पांढरं पडलं, तर निवडीची सगळी मेहनत वाया.