प्रायमर बसंना झालाय: रीमर घ्यायचा का स्वेजर?

मावसभाऊ टेक्सासला असतोय, नेमबाजीच्या रेंजवरच्या पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून परत भरायचा त्याला नाद. मागच्या वर्षी दोन महिने त्याच्याकडं होतो तर रोज रात्री गॅरेजमध्ये एकच रडगाणं, प्रायमर (बार पेटवणारी बारकी टोपी) पॉकेटात, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या खळग्यात, जाईना, तिरका शिरतोय, मग अडणारी कड कापणारा रीमर घेऊ का ती दाबून मागं सारणारा स्वेजर घेऊ. मी उद्यमनगरात लेथवर हयात घालवलेला माणूस, बंदुकीतलं ओ का ठो कळत नाही पण पितळ कळतंय. (इकडं काडतूस भरायला १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली लायसन्स लागतंय, त्यामुळं हे तिकडच्या आपल्या मंडळींसाठी.)

आधी पुंगळीचं बूड उजेडात धरून बघा की. ९ एमएम मापाच्या पुंगळीवर गोलात अधिकचं चिन्ह असंल तर ती नाटोची, त्यात बहुतेक क्रिम्प असतोय, म्हणजे प्रायमर निसटू नये म्हणून पॉकेटाच्या तोंडाचं पितळ आत दाबलेलं. प्रायमर काढला तरी ती कड तशीच राहती. हाऊसिंगच्या तोंडाला चँफर, म्हणजे तिरकी कड, न मारता बेअरिंग ठोकायला गेलं की कसं तिरकं अडकतं, अगदी तस्संच. पॉइंट ४५ एसीपी या मोठ्या मापाच्या पुंगळीत वेगळीच गंमत, नेहमीचा प्रायमर ०.२१० इंची पण काही पुंगळ्या ०.१७५ वाल्या लहान प्रायमरच्या निघत्यात. भाऊ एकदा मोठा प्रायमर लहान पॉकेटात घालून लिव्हर दाबत होता, मी मनगटच धरलं. ठोक्यानं पेटणारी चीज आहे ती, अडला की थांबायचं, आणि डोळ्याला चष्मा पायजेच.

आता रीमर. स्वस्त, हातानं फिरवायचा, आतली कड कापून निघती, पितळेचा बारीक चुरा पडतो. पुंगळी कुठल्या कंपनीची याचं त्याला देणंघेणं नाही. पण कापलेलं परत येत नाही, दोन फेरे जास्त झाले की पॉकेट ढिलं आणि पुंगळी भंगारात, कारण ढिल्या प्रायमरच्या कडंनं गॅस मागं येतो. आणि शंभरएक झाल्या की बोटं बोंबलत्यात.

स्वेजर कापत नाही, रेटतो. पुंगळीच्या आत एक रॉड टेकू देतो आणि बाहेरनं कडक बटण पॉकेटात शिरून कड मागं सारतं, तोंडाला छान गोलाई येती. डिलनचा सुपर स्वेज ६०० असला बेंचवर बसवायचा लिव्हरवाला घेतला की हाताला चाल बसती. माझ्यासारख्याला हेच काम आवडणार, पण महाग, आणि सेटिंग एकाच जातीच्या पुंगळ्यांवर टिकतंय. बुडाची जाडी कंपनीगणिक बदलती, जाड आली की बटण जास्त घुसणार, पातळ आली की कड अर्धीच सरकणार. मिक्स बादली असंल तर आधी हेडस्टॅम्प, म्हणजे बुडावरचा छाप, बघून निवडत बसा.

तोंडाशी अडत नाही पण प्रायमर वर राहतोय असं असंल तर दोन्ही घेऊ नका, पॉकेटाच्या तळाला काजळी असती, ब्रश मारा. बसलेल्या प्रायमरवरनं बोट फिरवायचं, बुडाच्या लेव्हलला किंवा किंचित आत लागला पायजे. वर राहिला तर रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर अडतो, नाहीतर पहिला ठोका प्रायमर आत बसवण्यातच जातो आणि बार उडतच नाही.

माझं म्हणाल तर ९ एमएमची पुंगळी रेंजवर ढिगानं मिळती, क्रिम्पवाल्या थोड्या असतील तर सरळ भंगारात टाका. शंभर-दोनशे असतील तर रीमर. एकाच छापाच्या हजारांत असतील तरच स्वेजरला पैसे घाला. भावाची बादली आम्ही एका रविवारी दुपारभर निवडली तर क्रिम्पवाल्या जेमतेम एक डबाभर निघाल्या, गड्यानं रीमर घेतला आणि पहिल्याच रात्री जोरात फिरवून पाच पुंगळ्या घालवल्या.