गाणं पळतंय! सूटकेसवाला यूएसबी टर्नटेबल, सात महिन्यांनंतर

ब्लूटूथ, यूएसबी, तीन स्पीड वगैरे सगळं खोक्यावर छापलेलं आहे, ते पुन्हा लिहीत नाही. हा रेकॉर्ड प्लेअर मला ६,४९९ रुपयांना पडला. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच साच्यातले खोके पाच-सहा नावांनी विकले जातात, पाहिलं की कळेल.

घेतला तो एकाच रेकॉर्डसाठी. माटुंग्याच्या काकांच्या माळ्यावर ‘सिमला बीट ७०’ सापडली. मूळ प्रत! इंपिरियल टोबॅकोने आपल्या सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी कॉलेजच्या पोरांच्या बँड्सची देशभर स्पर्धा घ्यायला सुरुवात केली होती, त्या स्पर्धेतल्या बँड्सची ही तबकडी. मद्रासचे कन्फ्युजन्स, बंगलोरचे डायनोसॉर्स, कलकत्त्याचा ग्रेट बेअर, शिलाँगचे फेन्टोन्स. फझ (मुद्दाम फाटका, खरखरीत केलेला आवाज) लावलेली गिटारं, मागे घरघरणारा ऑर्गन, आणि काही तर स्वतः रचलेली इंग्रजी गाणी. १९७० साली, आपल्या देशात! काका तेव्हा षण्मुखानंदमध्ये फायनल ऐकायला गेले होते. गाण्यासाठी की फुकट सिगारेटसाठी, हे अजून सांगत नाहीत.

पहिल्या महिन्यात मी याला पाच स्टार दिले होते. यूएसबीवरून लॅपटॉपमध्ये दोन्ही बाजू उतरवल्या, काकांना पेन ड्राइव्ह दिला. त्यांनी दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, “अरे, गाणं पळतंय.” मी म्हटलं, काका, पन्नास वर्षं झाली, तुम्हाला काय आठवणार. तेवढ्यावर विषय संपला.

पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. आईची पेटी काढली. गिटारचा सूर काळी एकवरही बसेना, पांढरी दोनवरही बसेना, मधेच कुठेतरी लोंबकळत. आता ही पोरं तेव्हा गिटारं कशावर लावत असतील देव जाणे, त्यामुळे हा पुरावा बाद.

ग्राहक सेवेला फोन केला. “सर, रेकॉर्ड जुनी असेल.” रेकॉर्ड जुनी झाली की खरखरते, पळत नाही, हे मी त्यांना तीन वेळा समजावलं. शेवटी चिडून पुतण्याकडची नवीकोरी तबकडी आणली. झांबियाच्या विच या बँडची ‘लेझी बोन्स!!’, १९७५ ची, नव्याने छापलेली. (विच म्हणजे चेटकीण नव्हे, ‘वी इंटेंड टु कॉज हॅवॉक’ची आद्याक्षरं. गायक जगारी, नाव मिक जॅगरवरून. तांब्याच्या खाणींच्या देशात असला रॉक वाजत होता आणि आपल्याला पत्ता नाही. ऐकाच.) तीच गाणी मोबाइलवर लावली, स्टॉपवॉच धरलं. चार मिनिटांच्या गाण्यात मशीन पाचेक सेकंद आधी पोचतं. त्यावर उत्तर आलं, “सर, ते टॉलरन्समध्ये आहे,” म्हणजे एवढा फरक चालतो. एक स्टार.

मग खोक्यातली स्ट्रोबची, म्हणजे वेग तपासायची, रेषा छापलेली चकती आठवली. चकती रेकॉर्डवर ठेवायची, ट्यूबलाइटखाली बघायचं. वेग बरोबर असेल तर रेषा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. हॉलमधल्या एलईडीखाली काहीच दिसेना, कारण तो तसा लुकलुकतच नाही. लोखंडी चोकवाली जुनी ट्यूब घरात एकच, स्वयंपाकघरात. सगळं लटांबर ओट्यावर नेलं. बायको म्हणाली, पोळ्या लाटायच्यात, तुझं ते उचल. पण मी हललो नाही, कारण रेषा सुसाट धावत होत्या. विजयाने व्हिडिओ काढला, ग्राहक मंचाच्या तक्रारीचा मसुदासुद्धा लिहून ठेवला.

आणि मग चष्मा लावून चकती वाचली. कडेला मुंगीएवढ्या अक्षरात ‘६० हर्ट्झ’. अमेरिकेची चकती! आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला रेषा १८० हव्यात, यांनी दिल्यात २१६. आपल्याकडे ती चकती बरोबर चाललेल्या मशीनलाही चोर ठरवणार. मसुदा फाडला. मनातल्या मनात माफी मागितली. तीन स्टार.

दुसऱ्या दिवशी १८० रेषांची चकती झेरॉक्सवाल्याकडून काढून आणली, दहा रुपये. पुन्हा ओटा, पुन्हा बोलणी. आता रेषा शांत होत्या, पण पुढे सरकत होत्या. सेकंदाला दोन. म्हणजे दोन टक्के जास्त वेग, म्हणजे अर्ध्या स्वराच्या (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या) जवळपास एक तृतीयांश चढ. पेटीवर सूर बसत नव्हता त्यात निदान एवढा वाटा मशीनचा. काका बरोबर होते, आणि मी त्यांना वयावरून बोललो होतो.

इलाज मशीनच्या पोटातच निघाला. खाली मोटरजवळ स्टिकरमागे एक बारीक भोक आहे, आत स्क्रू. चष्मा दुरुस्तीच्या स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवला आणि रेषा थांबल्या. स्टिकर फाटला, वॉरंटी गेली. जाऊ दे, ती असून काय उपयोग होता!

बाकी थोडक्यात. पिन ज्यात बसते ते कार्ट्रिज सिरॅमिकचं आहे आणि पिन रेकॉर्डवर जड दाबते, दुर्मिळ रेकॉर्ड रोज लावू नका, एकदा उतरवून घ्या. अंगचे स्पीकर डबडा आहेत. ज्यांनी आधीच फायली बनवल्यात त्यांनी ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड दोन टक्क्यांनी उतरवला तरी चालेल, पण आधी स्वतःचं मशीन मोजा, प्रत्येकाचं वेगळं असणार. मुंबईच्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट बँडचा ‘ऑब्सेशन ७७’ हा अल्बम, जो १९८१ ला आला आणि २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या रेकॉर्ड कंपनीने पुन्हा काढला, तो मी स्क्रू फिरवल्यानंतर घेतला. त्यामुळे तो मला पहिल्यापासून बरोबर वेगात माहीत आहे, आणि बेस काय दणदणीत आहे!

सिमला बीट पुन्हा उतरवून काकांकडे नेली. पूर्ण ऐकली. “हां, आता बरोबर,” म्हणाले. “पण तेव्हा एवढं ऐकूच आलं नव्हतं रे, पोरं नुसती किंचाळत होती.”

चार स्टार. कापलेला एक त्या साठवाल्या चकतीचा.