ड्राइव्हशाफ्टचे बोल्ट बदलताना: ८.८, १०.९ की १२.९?

गाडीचा ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरकी चाकांकडे नेणारा दांडा, उतरवल्यावर एखाद्या बोल्टचे आटे गेलेले निघतात, एखाद्याच्या डोक्यातला खाचा गोल झालेला असतो. नवे घ्यायला जावं तर एकाच मापाचे तीन-चार प्रकार समोर येतात आणि सगळे सारखेच दिसतात. ते सारखे नसतात.

आधी हा बोल्ट काम काय करतो ते पाहू. शाफ्टचा पीळ तो स्वतःच्या अंगावर झेलत नाही. तो दोन फ्लँज (शाफ्टच्या जोडावरच्या समोरासमोरच्या चकत्या) इतके घट्ट आवळून धरतो की त्यांच्यामधल्या घर्षणातूनच पीळ पलीकडे जातो. आवळ सैल पडली की फ्लँज केसभर सरकायला लागतात आणि मग बोल्ट कातरला जातो. तुटलेला बोल्ट हातात आला तर त्याचा दांडा उजेडात फिरवून बघा. एका बाजूला घासून चकचकीत झालेली पट्टी असेल, तर तो तुटण्याआधी सैल झाला होता असं समजा.

बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असा आकडा असतो. त्यातला टिंबाआधीचा भाग शंभरने गुणला की तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते. दुसरा भाग त्यातल्या किती हिश्श्यापर्यंत बोल्ट कायमचा ताणला जात नाही ते सांगतो. १०.९ म्हणजे साधारण १००० मेगापास्कल आणि त्याचे ९० टक्के. १.५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर) एम१०, म्हणजे १० मिलिमीटर जाडीचा, बोल्ट घेतला, तर ८.८चा सुमारे ३.४ टन ताण कायमचा न लांबता सोसतो, १०.९चा ४.९ टन आणि १२.९चा ५.७ टन.

८.८ इथे बाद. १०.९ साठी ठरवलेला टॉर्क (आवळताना द्यायचा पिळाचा जोर) दिला तर तो ताणला जाऊन लांबतो, कमी टॉर्क दिला तर आवळ पुरत नाही. स्टेनलेसचा मोहही टाळावा. नेहमी मिळणारा ए२-७० हा ७०० मेगापास्कलचाच असतो, शिवाय त्याचे आटे आवळताना एकमेकांत चिकटून बसतात.

खरा प्रश्न १०.९ की १२.९ हा आहे. ‘जास्त आकडा म्हणजे जास्त सुरक्षित’ हे पटकन पटतं, पण आवळ ठरते ती टॉर्कवर आणि आट्यांमधल्या घर्षणावर. तोच टॉर्क दिला तर १२.९चा बोल्टही फ्लँजला तेवढंच दाबतो आणि त्याची जादा ताकद पडून राहते. ती वापरायची म्हणून टॉर्क वाढवला, तर फ्लँजचे आटे ओरबाडले जाण्याची भीती. त्यात १२.९चं पोलाद जास्त कडक असतं. त्यावर इलेक्ट्रोप्लेटिंगने जस्त चढवताना हायड्रोजन आत शिरला, तर आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट अचानक तुटू शकतो. जुन्या बोल्टवर १२.९ लिहिलेलं असेल तर १२.९च घ्या, पण चकचकीत जस्ताचा मुलामा दिलेला नको. १०.९ असेल तर १०.९वरच थांबा. काही गाड्यांत आकड्याऐवजी डोक्यावर सहा रेघा असतात. तो ग्रेड ८, ताकदीने १०.९च्या जवळचा. मात्र त्याचे आटे इंची असतात, मेट्रिक भोकात तो लावू नका.

गाडीच्या कंपनीचा बोल्ट महाग पडतो, पण लांबी, पिच, डोक्याखालची कड आणि आट्यांवरचा लॉकिंग लेप (बोल्ट सैल होऊ न देणारा) सगळं जुळलेलं मिळतं. मिळत असेल तर माझं मत त्यालाच. बाहेरचा चांगला १०.९ घ्यायचा झाला तर कॅलिपर घेऊन बसा. एम१० मध्ये १.५ आणि १.२५ अशा दोन्ही पिच सापडतात. चुकीचा बोल्ट एक-दोन फेरे हाताने आत जातो आणि अडतो, तिथे पाना लावू नका. लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरकही नडतो. भोक बंद असेल तर लांब बोल्ट तळाला टेकतो, टॉर्क रेंच (ठरलेला टॉर्क झाला की वाजणारा पाना) ‘कट्’ वाजतो आणि फ्लँज मात्र मोकळाच राहतो. भोक आरपार असेल तर बोल्टचं टोक मागच्या भागाच्या आवरणाला घासू शकतं.

जुनेच परत लावायचे असतील तर नव्याशेजारी उभे धरून बघा. जुना लांब झालेला दिसला किंवा आट्यांजवळ कंबर बारीक झाली असेल, तर तो टाका. कंपनीने एकदाच वापरायचा म्हटलेला बोल्ट दिसायला धड असला तरी टाका. एक खराब निघाला तरी पूर्ण संच बदलावा, म्हणजे सगळ्यांवर सारखी आवळ येते.

स्प्रिंग वॉशरवर विसंबू नका, एवढ्या आवळीखाली तो सपाट होतो आणि आडव्या हादऱ्यात बोल्ट फिरणं थांबवत नाही. लेप नसलेल्या बोल्टला मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा, पण आधी आट्यांवरचं तेल-ग्रीस पूर्ण पुसा. बोल्टच्या डोक्यातल्या बारा दातांच्या खाच्यातलं ग्रीस टोकदार तारेने कोरून काढा, नाहीतर बिट (खाच्यात बसणारं पान्याचं टोक) पूर्ण आत बसत नाही आणि नव्या बोल्टचाही खाचा पहिल्याच दिवशी गोल होतो.