कपात की वर्गणी? सभेत हात वर करण्याआधी

आमच्या अनुदानित संस्थेतल्या सेवकांच्या पतसंस्थेची वार्षिक सभा तोंडावर आली आहे. अहवालाच्या पुस्तिकेत विषय क्रमांक नऊ असा: प्रत्येक सभासदाच्या पगारातून दरमहा शंभर रुपये कापून साहाय्य निधी उभा करायचा, आणि सभासद वारला किंवा अंथरुणाला खिळला तर त्यातून घरच्यांना ठरलेली रक्कम द्यायची. विरोधातली मंडळी म्हणतात, सक्ती कशाला? आजवर मदत होत आली तशीच होऊ द्या, ज्याला वाटेल त्याने वाटेल तेवढं द्यावं. शेजारच्या टेबलावरचा नवा क्लार्क परवा विचारत होता, "काका, हात कुठल्या बाजूनं वर करायचा?" तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आजवर मदत कशी होत आली, ते आधी बघू. गेल्या तीन वर्षांत आमच्यातले दोघे गेले. पहिला सगळ्यांचा लाडका. सहल असो, निरोप समारंभ असो की सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतला फोटो, हा मधोमध. तो गेला त्या संध्याकाळी ग्रुपवर यादी सुरू झाली. आधीची यादी कॉपी करायची, खाली आपलं नाव आणि आकडा जोडायचा, पुन्हा टाकायची. पाच दिवसांत एक लाख ऐंशी हजारांच्या वर जमले. दुसरा शिपाई होता. तोंडाने फटकळ, कुणाच्या चहात नाही, उसनवारीवरून दोघातिघांशी वाजलेलं. त्याची यादी अकराव्या नावावर थांबली. सहा हजार शंभर. घरात दोन शाळकरी मुली आणि विड्या वळणारी बायको.

ते पाकीट घेऊन मीच गेलो होतो. वहिनींनी ते न मोजता सुपाखाली सरकवलं आणि विचारलं, "कुणी कुणी दिले, नावं सांगा, मला त्यांना भेटून यायला पाहिजे." मला नावं सांगवली नाहीत. अकराच होती म्हणून नव्हे. ती अकरा घरांच्या पायऱ्या चढणार, हे डोळ्यांपुढे आलं म्हणून.

बरं, पहिल्या यादीतलं सगळं राजीखुशीचं होतं का? साहेबांनी वर १००१ टाकल्यावर खाली २०१ लिहायची कुणाची छाती होते? गणपतीत चौकातली पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात, तीही वर्गणी 'ऐच्छिक'च असते. आपण ज्याला दान म्हणतो त्यात लाजेकाजेचा वाटा किती, याचा हिशेब कुणी लावत नाही.

तरीही वर्गणीवाल्यांची बाजू लंगडी नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा सोलापुरातून टेम्पोमागून टेम्पो निघाले. कडक भाकरी, शेंगाचटणी, चादरी, पाण्याच्या बाटल्या. कुणाच्या जीआरची वाट बघितली नाही. पंचनामा व्हायला, यादीत नाव लागायला, खात्यात पैसे पडायला वेळ जातोच. आणि चूल भिजलेल्या घरात कोरडा शिधा देऊन भागत नाही, भाकरीच द्यावी लागते, हे शेजाऱ्याला सांगावं लागत नाही. एवढं मान्य करून जे दिसलं तेही सांगतो. आमची गाडी डांबरी रस्त्यालगतच्या वस्तीवर थांबली, तिथे आधीच भाकरीच्या थप्प्या होत्या. ओढ्यापलीकडचा एक जण गुडघाभर चिखल तुडवत आला, "आमच्याकडं कोणच आलं नाही ओ."

कपातीच्या विरोधातला सर्वांत तगडा माणूस आमच्या पतसंस्थेतला नाहीच. अशोक चौकाजवळ यंत्रमाग चालवणारे माझे एक मित्र आहेत, टॉवेल काढतात. दर उन्हाळ्यात स्वतःच्या खर्चाने पाणपोई लावतात. रांजणावरचं ओलं फडकंसुद्धा स्वतः बदलतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे: "माझे बारा तास मागासमोर जातात. त्यातला तासभराचा पैसा माझ्या मर्जीविना नेला, तर तासभर मला वेठीला धरल्यासारखंच झालं. कारण पवित्र असलं म्हणून वेठ पवित्र होत नाही. आणि तुम्ही कापून नेलेल्या पैशात मला पुण्य कुठलं?" शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. कापलेल्या शंभराला कुणी दान म्हणू नये. तो दर आहे, सभासदत्वाचा. आमच्या सभेत दोनशे हात वर झाले तर उरलेल्या एकशे चाळीस जणांच्या खिशात ते दोनशे हात जाणार, हे गोड शब्दांत बुडवण्यात अर्थ नाही.

पण हाच युक्तिवाद आमच्या स्टाफरूममध्ये ऐकला की हसू येतं. आम्ही अनुदानित! आमचा पगारच लोकांच्या कराचा. सक्तीने गोळा झालेल्या पैशावर संसार करून सक्तीच्या नीतिमत्तेवर आम्ही प्रवचन देतो, हे अंमळ जास्तच झालं.

आता पगारपत्रकच काढा. 'पीटी' नावाचा रकाना असतो: दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महाराष्ट्रात हा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला, तो रोजगार हमीसाठी. शहरात कमावणाऱ्यांकडून घ्यायचा, सरकारने तेवढीच भर घालायची आणि त्यातून खेड्यात कामं काढायची. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळापासून राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, तेही हक्क म्हणून. २००५ साली राष्ट्रीय रोजगार हमी कायदा करून देशाने तोच धडा गिरवला. ज्या मुंबईकराने दुष्काळी माळ उभ्या जन्मात पाहिला नाही, त्याच्या पगारातून पैसा निघाला आणि इकडे मजुरी झाला. वर्गणीची यादी मुंबईपर्यंत पोचलीच नसती.

त्या दुष्काळात माझी आई मंगळवेढ्याकडे पाझर तलावाच्या कामावर होती. मी तान्हा, बांधाच्या कडेला झोळीत. ती सांगायची, "माती वाहिली, हजेरी लागली, दाम घेतला. कुणाच्या दारात पदर पसरला नाही." त्याच दिवसांत गावातल्या एका वाड्यात रोज दुपारी आंबील वाटायचे. तिथे ती गेली होती का, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती दुसऱ्या विषयावर गेली.

मंगळवेढ्याचंच नाव निघालं तर दामाजीपंतांना वगळून कसं चालेल? पंधराव्या शतकातला दुष्काळ, पंत बीदरच्या बादशहाचे अंमलदार, आणि भुकेल्यांसाठी त्यांनी कोठार उघडलं. कीर्तनात आपण याला दान म्हणून माना डोलावतो. पण धान्य पंतांचं होतं कुठे? रयतेकडून सक्तीने वसूल झालेलं, मालकी बादशहाची, देणारा तिसराच. आज एखाद्या अधिकाऱ्याने असं केलं तर निलंबन ठरलेलं. मला जास्त विचार करायला लावतो तो कथेचा पुढचा भाग. विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बीदरला जातो आणि काय करतो? बादशहाला उपदेश करत नाही, धान्य मुळात रयतेचंच असा वादही घालत नाही. पै न पै भरतो आणि रसीद घेतो. भुकेल्याला आधी खाऊ घाला, पण दुसऱ्याच्या कोठारातून घातलंत तर हिशेब चुकता करा, असं ही कथा रचणाऱ्यांना वाटलं असावं.

दामाजीपंत होणं आता सोपंही झालंय म्हणा. जुन्या करपद्धतीत दानावरच्या करसवलतीची पावती लावून दहा हजारांचं दान दिलं आणि निम्म्या रकमेची वजावट बसली, तर तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा उपकरासह १,५६० रुपये कर वाचतो. म्हणजे त्याच्या दानातले १,५६० तिजोरीने सोसले. संगमरवरी फरशीवर नाव मात्र त्याचं एकट्याचं. मोठ्या कंपन्यांना तर नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं २०१३ च्या कायद्यानेच लावलंय, तरी उद्घाटनाच्या फलकावर 'सौजन्याने' असतंच.

तर मुला, माझा हात कपातीच्या बाजूने वर जाईल. मरण आणि दुखणं कुणालाच चुकत नाही; ज्या आपत्तीची खात्री आहे तिच्यासाठी गेलेल्या माणसाचा स्वभाव का तपासायचा? पूर, आग, अचानक कोसळलेलं काही आलं तर यादी फिरवायचीच, निधी झाला म्हणून ती बंद करू नये. ज्याला नको त्याला कपातीतून बाहेर पडू द्यावं का, यावर मी बरेच दिवस घोळलो. पडू देऊ नये असं वाटतं. तरणेताठे आधी बाहेर पडतील आणि दुखणाईतच आत उरतील, मग निधी कसला.

पण ठराव आहे तसा मला पटलेला नाही. प्राचार्यांचेही शंभर आणि शिपायाचेही शंभर, हा कसला न्याय? पगाराप्रमाणे पन्नास ते दोनशे असे टप्पे हवेत. रक्कम पोटनियमात बांधलेली हवी, संचालकांना वाटलं म्हणून वाढता कामा नये. मृत्यूचा दाखला आला की पंधरा दिवसांत पैसे खात्यात, घरच्यांना कार्यालयात बोलावून मुलाखत नाही, धनादेश देतानाचा फोटो नाही. आणि जमाखर्च दर तिमाहीला नोटीस बोर्डावर, कारण पैसा आमच्या मर्जीचा नसला तरी आमचा आहे.

दुरुस्त्या सभेच्या आठ दिवस आधी लेखी द्याव्या लागतात. शनिवारी चार ओळींचा अर्ज देऊन आलो, पोच घेतली. शिक्का मारता मारता तिथल्या बाईंनी श्रावणातल्या महाप्रसादाचं पावतीपुस्तक पुढे सरकवलं. म्हटलं, २५१ लिहा.